न म्हणजे नुसती

चाक आबांच्या डाव्या पायावर होतं, इंजिन चालू होतं, आणि गाडीच्या आतून दादा विचारत होता, "क्या हुआ? आबा, क्या हुआ?" बोनेट उघडं असल्यामुळे त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. मला दिसत होतं. मी डाव्या मडगार्डपाशी उभी होते आणि चाक माझ्यापासून हातभर अंतरावर होतं. आबा गाडीखाली उताणे होते. त्यांचा पाय गुडघ्याच्या खाली चाकाखाली गेला होता आणि पुढे फक्त बूट दिसत होता, भलत्याच बाजूला वळलेला. पँटवर रक्त नव्हतं. रक्त नाही म्हणून मला वाटलं की फार लागलं नसेल. आबा ओरडत नव्हते, नुसता श्वास घेत होते, आणि तो श्वास मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येत होता. दादा म्हणाला, "यमे, बोल ना, रेटा लावू का? मागं घेऊ?" मागं घेतली असती तर चाक त्याच पायावरून पुन्हा फिरलं असतं. मी म्हटलं, "कशालाच हात लावू नकोस. किल्ली बंद कर आणि बाहेर ये." तो बाहेर आला, त्याने खाली पाहिलं, आणि तिथंच भिंतीला टेकून बसला. त्याच्याकडून त्यापुढे काही झालं नाही.

आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. काहीतरी पडलं असं तिला वाटलं होतं. "काय पाडलंत रे?" असं म्हणत ती आली आणि गाडीखाली वाकली. शेजारच्या आवारात बँडवाल्यांची तालीम चालली होती, तिकडे मी धावले. त्यांच्या मुन्ना मास्टरला म्हटलं, "गाड़ी उठाना है, आबा नीचे हैं." त्याने तोंडातली क्लॅरिनेट काढून दुसऱ्याच्या हातात दिली आणि सगळे आले, ढोलवाला गळ्यात ढोल घेऊनच आला. त्यांनी मडगार्डाला खालून हात घालून गाडी उचलली, आणि मी आणि आईने आबांना काखेत धरून ओढलं. आबा तेव्हा पहिल्यांदा ओरडले.

आता हे कसं झालं ते सांगते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे सजवून सांगता येत नाही, पण क्रमाने सांगता येतं.

आबा ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका सरदारांकडे ड्रायव्हर होते. सरदारांचं वैभव आटोपलं आणि त्यांची गाडी आबांकडे आली. अमेरिकन गाडी, लांबलचक, सायीच्या रंगाची, आणि बिनक्लचची. तेव्हा लष्करात तशी दुसरी गाडी माझ्या पाहण्यात नव्हती. लोक खिडकीतून वाकून आबांचे पाय बघायचे आणि विचारायचे, "तीसरा पैडल कहाँ गया?" आबा म्हणायचे, "महाराज के साथ गया." स्टिअरिंगच्या खाली दांड्याने सरकणारा एक काटा होता आणि त्याच्यासमोर पाच इंग्रजी अक्षरं. आबांना इंग्रजी येत नव्हतं. सरदारांनी ती अक्षरं तोंडी सांगितली होती, आबांनी ती मराठी करून घेतली. आमच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या घोडदळाची नोकरी, गाडीचे शब्द आमच्याकडे कुठून असणार? तेव्हा प म्हणजे पागा, म्हणजे गाडी बांधून ठेवलेली. र म्हणजे रेटा, मागं घ्यायची. न म्हणजे नुसती, इंजिन चालू पण गाडी नुसती उभी. द म्हणजे दौड. ल म्हणजे लगाम, तो किल्ल्याच्या चढावर आणि उतारावर लावायचा. हे आम्हा दोघा भावंडांना पाढ्यांसारखं पाठ होतं. परवा माझा नातू नवी गाडी घेऊन आला. तिलाही क्लच नाही आणि तिथंही तीच अक्षरं. तो मला अर्धा तास समजावून सांगत होता. मी ऐकून घेतलं. तो न्यूट्रल म्हणत होता, मी मनात नुसती म्हणत होते.

आम्ही किला गेटजवळ दोन खोल्यांत राहायचो, समोर मोठं अंगण होतं, तिथं गाडी. आम्ही खोल्यांत कोंबलेले आणि गाडी ऐसपैस, असं आई म्हणायची. पण त्या गाडीवरच चूल पेटायची. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, आणि नवरदेवाला घेऊन जायला आमची गाडी लागायची. आबा पांढरा साफा बांधून बसायचे, दादा झेंडूच्या माळा लावायचा. रात्री परत येताना आबा वरातीतल्या पुऱ्या आणि बालूशाही कागदात बांधून आणायचे. आई ते खायची नाही, म्हणायची, लोकांच्या घरचं शिळं. तिच्या हातची बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर लसणाची चटणी. थंडीत ग्वाल्हेरला हाडं वाजतात, तेव्हा ती भाकरी चुलीजवळ बसून खायची. मी सकाळी भाकरी खायची आणि रात्री पुऱ्या खायची, मला दोन्ही चालायचं. लहानपणी भूक एवढीच गोष्ट खरी असते. शेजारून दिवसभर बँडची तालीम, तीच तीच धून, चुकली की पुन्हा पहिल्यापासून. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. उलट एखाद्या दिवशी बँड नसला की आई म्हणायची, आज कुणी मेलं का.

त्या हिवाळ्यात गाडीत ठोका सुरू झाला. पहिल्यांदा इतका बारीक की फक्त आबा म्हणायचे, ऐका, आणि आम्हाला काही ऐकू यायचं नाही. मग दादाला ऐकू आला, मग मला, मग सगळ्या गल्लीला. कुणीतरी घाईत दाराची कडी वाजवावी तसा, टकटक टकटक, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारा. नई सडकेवरच्या एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाची वरात होती. बाड्याच्या चौकात बँड थांबला, वाजवणाऱ्यांनी दम घेतला, आणि त्या शांततेत आमची गाडी एकटीच वाजत राहिली. ढोलवाला म्हणाला, "उस्ताद, ताल तो सही दे रही है." सगळे हसले. नवरदेवाचा मामा खिडकीशी आला आणि म्हणाला, "ड्राइवर साहब, लड़का ब्याहने जा रहा है कि पत्थर तोड़ने?" आबांनी साफा सारखा केला. पण ती गोष्ट दुसऱ्या दिवशी सगळ्या लष्करात झाली आणि पुढची दोन लग्नं गेली. लोक म्हणाले, घोडी बरी.

आता ठोका कुठून येतो, हा प्रश्न होता, आणि आमच्या घरात तो जीवनमरणाचा प्रश्न झाला. ठोका इंजिनाच्या आतला असेल तर इंजिन संपलं. त्याचे भाग इथं मिळणं शक्य नव्हतं. दादा तेव्हा मोटारींच्या एका कारखान्यात शिकायला जात होता आणि त्याचं मत ठरलं होतं. तो म्हणायचा, "आबा, बेरिंग गया है. कुणीही सांगेल. ये इंजिन उतारो, ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवू, क्लचवाला गिअर टाकू. सब लोग यही कर रहे हैं." ते खोटं नव्हतं. मोठमोठ्या घरच्या गाड्या तेव्हा डिझेल इंजिन घालून धूर सोडत फिरत होत्या. आबा म्हणाले, "घोडीचं खूर दुखतंय म्हणून तिला रेड्याचं काळीज बसवायचं का?" दादा म्हणाला, "खूर नहीं, आबा, काळीजच गेलंय." आबा म्हणाले, "तुझा कान गेलाय. माझ्याशी हिंदी बोलू नकोस." "सगळा गाव हिंदी बोलतो." "गाव माझ्या पोटी जन्माला आलेलं नाही." रोज जेवताना हेच. आई मध्ये भाकरी वाढायची आणि म्हणायची, "ठोका गाडीत आहे की या घरात, तेवढं एकदा ठरवा."

आबांनी गाडी दुसऱ्या कुणाला दाखवली नाही. त्यांनी स्वतः तपासायला घेतली. पहिल्या दिवशी गाडी चालू ठेवून प्लगच्या वायरी एकेक करून काढल्या. ज्या सिलिंडरच्या बेरिंगमध्ये खोट असते, त्याची ठिणगी बंद केली की तिथला जोर जातो आणि ठोका हलका पडतो. एकेक वायर काढली, लावली. ठोका हलला नाही. आबा म्हणाले, "बघ, इंजिन नाही." दादा म्हणाला, "मुख्य बेरिंग असेल, ते असं कळत नाही." तेही खरं होतं. दोघांचंही थोडं थोडं खरं असायचं, हीच त्या घरातली अडचण होती.

मग आबा ऐकायला लागले. लोखंडाची सळई इंजिनाला टेकवायची आणि दुसरं टोक कानामागच्या हाडाला. पण आबांचा कान उतरला होता. आवाज आहे हे कळायचं, कुठे आहे ते कळायचं नाही. म्हणून मला बोलावलं. माझा कान चांगला होता, दूध उतू जायच्या आधी मला ऐकू यायचं. सळई मला जड व्हायची, म्हणून मी चुलीची फुंकणी आणली. आईने शिव्या दिल्या, मग दिली. फुंकणीचं एक तोंड लोखंडाला, एक कानाला, आणि दुसऱ्या कानावर हात. इतकं स्वच्छ ऐकू यायचं की मला पहिल्यांदा भीती वाटली. इंजिनाच्या वरच्या भागात शिलाई मशीनसारखा बारीक आवाज, तो निरोगी. खाली तेलाच्या तळाशी घरघर. ठोका त्यांतल्या कशातच नव्हता, सगळीकडे लांबूनच यायचा. मी तसं सांगितलं. आबांनी विचारलं, "कुठून लांबून?" मी म्हटलं, "मागून. तुमच्या पायांकडून." ड्रायव्हरच्या पायांच्या बाजूला इंजिन संपतं आणि गिअरचा डबा सुरू होतो. बिनक्लचच्या गाडीत त्या दोघांना जोडणारी एक पातळ पोलादी थाळी असते, क्लचच्या जागी. आबा म्हणाले, "थाळी तडकली असेल." दादा म्हणाला, "एका पोरीच्या फुंकणीवर इंजिन पास केलंत?" मी म्हटलं, "तुझ्या नुसत्या बोलण्यावर नापास केलं होतं ना?" त्याने मला टपली मारली. तो वाईट नव्हता. त्याला कारखान्यात मुलं हसायची, बाप मोटारीला पागा-लगाम म्हणतो, घोडागाडी चालवतो म्हणून, आणि ते त्याच्या डोक्यात होतं.

एक गोष्ट उरली होती. थाळी तडकली असेल तर गाडी नुसती उभी असताना ठोका मोठा, आणि दौडीवर टाकून ब्रेकने दाबून धरली की थाळीवर ताण येऊन ठोका बदलणार. बेरिंग असेल तर असा बदलणार नाही, किंवा वाढेल. हे दादालाही मान्य होतं. तो म्हणाला, "ठीक है. दौडीवर बदलला तर मी पुन्हा डिझेलचं नाव काढणार नाही." आबांनी ते वाक्य त्याच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पुढची चाकं दोन दगडी चिऱ्यांवर चढवली, म्हणजे खाली शिरायला जागा झाली. चाकांच्या पुढे विटा लावल्या. विटा नव्या नव्हत्या. दादा गाडीत बसला, मी मडगार्डपाशी फुंकणी घेऊन, आणि आबा समोरून गाडीखाली सरकले, डोकं त्या जोडाखाली, पाय चाकांच्या पुढे. आबांनी खाली जायची काही गरज नव्हती. वरून मला ऐकू येत होतं. पण दादाला मी सांगितलेलं पटणार नाही, आपल्याला स्वतः हात लावून कळलं पाहिजे, असं त्यांना वाटलं. दुपार होती, ऊन छान पडलं होतं, शेजारी बँड एका वळणावर अडकला होता.

"लाव दौड," आबा म्हणाले. दादाने ब्रेक दाबून काटा दौडीवर ओढला. गाडी पुढच्या बाजूला जराशी वाकली. मी फुंकणी लावली, आणि ठोका दबला. पार दबला, आणि उरलेला मागं गेला. मी ओरडले, "आबा, बदलला!" त्याच वेळी दादाच्या पायाखाली ब्रेकचं पायडल हळूहळू खाली जायला लागलं. ब्रेकचं तेल झिरपत होतं हे कुणाला माहीत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष ठोक्याकडे. दादाने आतून विचारलं, "आबा, पायडल बसतंय. काढू का दौडीतून?" आबांना ते ऐकू गेलं नाही. आबांना दिसलं एवढंच की चाक विटेवर चढतंय. ते ओरडले, "न! न!"

घरात आम्ही कधी नुसतं अक्षर म्हणायचो नाही. नेहमी पूर्ण शब्द, पागा, रेटा, नुसती. पण त्यांना पूर्ण शब्दाला वेळ नव्हता. ते म्हणाले न, म्हणजे नुसतीवर टाक. दादाने विचारलं होतं, काढू का, आणि त्याला उत्तर आलं, ना, ना. ग्वाल्हेरमध्ये ना म्हणजे नाही. दक्षिणेतल्या, म्हणजे तिकडे महाराष्ट्रातल्या मुलाने तसं ऐकलं नसतं, त्याला त्या जागी नको ऐकायची सवय असते. दादाने काटा दौडीवरच ठेवला आणि पायडल आणखी जोरात दाबलं, आणि ते तळाला जाऊन टेकलं. वीट फुटली. चाक चिऱ्यावरून खाली उतरलं. मी ओरडले, "पागा! दादा, पागा!" त्याने काटा वर फेकला, आतून गिअरचे दात खडखडल्याचा आवाज आला आणि गाडी थांबली. पायावर थांबली.

पाय गुडघ्याखाली काढावा लागला. इस्पितळात तिसऱ्या की चौथ्या दिवशी आबा नीट शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी, मी पायथ्याशी, दादा दारात. आबा मला म्हणाले, "दौडीवर काय ऐकलंस?" मी सांगितलं, दबला आणि मागं गेला. ते म्हणाले, "मग इंजिन नाही." आई म्हणाली, "अहो, तुमचा पाय गेलाय." ते म्हणाले, "ते मला दिसतंय." मग दाराकडे बघून म्हणाले, "मी न म्हणालो होतो." दादा म्हणाला, "आपने ना कहा." "न म्हणालो." "मैंने ना सुना, आबा." पुढे कित्येक वर्षं त्यांचं हे चाललं, दिवाळीला, कुणाच्या लग्नात, कधी जेवता जेवता, दोन वाक्यं, त्यापेक्षा जास्त नाही. लोक मला विचारायचे, तू तिथं होतीस, ते काय म्हणाले? मी सांगायची, जे म्हणाले तेच त्याने ऐकलं. हे कुणाला आवडायचं नाही. लोकांना एकजण चुकलेला हवा असतो.

गाडी नंतर उघडली. दिल्लीहून आलेल्या एका फिटरने इंजिन आणि डबा वेगळे केले. थाळी मधल्या बोल्टांभोवती गोल तडकली होती, भाकरी तव्यावर फुटते तशी. भंगारातून दुसरी आणली, ब्रेक नवे केले, आणि ठोका गेला. गाडी इतकी शांत झाली की आई म्हणाली, हिच्यापेक्षा तेव्हाची बरी होती, कुठे आहे ते कळायचं. आबा कुबडीवर अंगणात आले, दार उघडून बसले, आणि गाडी चालवत बाहेर घेऊन गेले. बिनक्लचच्या गाडीला डावा पाय लागत नाही. हे त्या दिवसापर्यंत आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लष्करातली दुसरी कुठलीही गाडी त्यांना चालवता आली नसती, आणि डिझेल बसवलं असतं तर हीसुद्धा नाही. दादा ओट्यावर उभा होता. त्याने ते पाहिलं आणि आत गेला. त्यानंतर तो कुठल्याच गाडीत पुढच्या जागेवर बसला नाही. कारखाना सोडला, इंदूरला कापडाच्या दुकानात लागला.

आई शेवटपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की त्या चाकाखाली मला नवरा परत मिळाला आणि मुलगा गेला. ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या. मी तिच्या तोंडावर सांगितलं आहे आणि इथंही लिहिते की तसं काही नाही. चाकाखाली आबांचा एक पाय गेला. आबा पुष्कळ वर्षं जगले आणि गाडी विकेपर्यंत चालवत राहिले. दादा इंदूरला जगला, सायकलवरून दुकानात गेला, त्याचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, म्हातारा होऊन दम्याने गेला. त्या दुपारी गाडीपाशी आम्ही तिघं होतो, खाली आबा, आत दादा, बाहेर मी. तिघंही जगलो.